आधी माप, मग सुटे भाग: गोव्याच्या हवेत सुपरचार्ज्ड गाडीचा इंटरकूलर थंड कसा ठेवावा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता पणजीहून वेर्ण्याकडे निघालात, तर बंपरच्या उंचीवर गाडीला मिळणारी हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा नक्कीच गरम असते. सावलीत पारा ३४ अंशांवर असतो आणि डांबरावरून उठणारी धग त्यात भर घालते. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर हीच हवा ओढतो, आणि त्या दाबलेल्या हवेला गार करणाऱ्या इंटरकूलरचे पाणी थंड करायलाही हीच हवा वापरावी लागते. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. थंड देशांतले गाडीवेडे जे सुटे भाग बसवून खूश होतात तेच भाग इथे बसवून अनेकदा फारसा फरक पडत नाही. भाग वाईट नसतात. उष्णता नेमकी कुठे अडकली आहे हे न शोधता ते घेतलेले असतात. म्हणून या लेखात खरेदी उशिरा येईल, मोजमाप आधी.

उष्णता येते कुठून

हवा दाबली की ती तापते, त्याला इलाज नाही. साधारण ०.७ बार बूस्टचे, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढ्या जास्त दाबाचे, उदाहरण घेऊ. हवेचा दाब १.७ पट होतो. ३५ अंशांची हवा आत गेली आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११३ अंशांच्या आसपास असते. इंटरकूलरने तिची उष्णता पाण्याला द्यायची आणि पाण्याने ती पुढच्या हीट एक्स्चेंजरमधून (या पाण्याच्या वेगळ्या रेडिएटरमधून) बाहेरच्या हवेत सोडायची, असा हा दोन टप्प्यांचा प्रवास आहे.

इंटरकूलरची परिणामकारकता ७५ टक्के धरू, म्हणजे आत येणारी हवा आणि पाणी यांच्या तापमानातल्या फरकाचा पाऊण भाग तो काढतो. आत येणारे पाणी ४५ अंशांवर असेल तर इंजिनात जाणारी हवा साधारण ६२ अंशांवर येते. पाणीच ६० अंशांवर गेले तर हवा ७३ वर अडकते. हवेची घनता यामुळे तीनच टक्क्यांनी घटते, पण खरा तोटा त्यात नाही. हवा तापली की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नॉकच्या, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याच्या, भीतीने इग्निशन टायमिंग मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि गाडी अचानक मंद वाटू लागते. दुपारी गाडी ‘बसते’ आणि पहाटे ‘उडते’ म्हणतात त्यामागे मुख्यतः हेच असते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. वरच्याच उदाहरणात आत शिरणारी हवा १० अंशांनी जास्त गरम असली, तर सुपरचार्जरमधून बाहेर पडताना ती साडेबारा अंशांनी जास्त गरम असते. दाबण्याच्या क्रियेत सुरुवातीची चूक वाढते. म्हणूनच एअर बॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवणे मला पटत नाही. आवाज छान येतो, पण रेडिएटरमागची हवा ओढून तुम्ही इंटरकूलरचे काम स्वतःच्या हाताने वाढवता. कंपनीचा बंद एअर बॉक्स, त्याचे पुढून हवा घेणारे तोंड आणि त्याचे रबरी सील शाबूत असणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

कुठल्या गाडीला काय लागू

मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसरसारख्या गाड्यांमध्ये हवेने थंड होणारा इंटरकूलर असतो. मधे पाणी नाही, पंप नाही. अशा गाडीला या लेखातला सफाईचा, हवेच्या मार्गाचा आणि गळतीचा भाग पुरेसा आहे. जॅग्वार एफ-टाइपचे ५ लिटर व्ही८, ऑडीचे ३.० टीएफएसआय, जुनी ई ५५ एएमजी यांच्यात मात्र सुपरचार्जर इंजिनाच्या ‘व्ही’मध्ये बसतो आणि हवा पाण्याने थंड होते. या पद्धतीत हवेचा मार्ग आखूड राहतो, ॲक्सिलरेटरला प्रतिसाद चटकन मिळतो. पण पंप, पाइप, टाकी, पुढचा हीट एक्स्चेंजर अशी साखळी तयार होते आणि त्यातली एक कडी ढिली पडली की सगळे ढिले. इथून पुढे मुख्यतः याच गाड्यांबद्दल.

पहिली पायरी: तीन तापमाने

ओबीडी पोर्टला (गाडीची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचे लॉगिंग ॲप एवढ्याने निम्मे काम होते. फक्त योग्य आकडा वाचा. अनेक गाड्यांत हवेच्या तापमानाचे दोन सेन्सर असतात, एक फिल्टरजवळ आणि दुसरा इंटरकूलरनंतर. आपल्याला दुसरा हवा. साधे ॲप बहुतेकदा पहिलाच दाखवते, त्यामुळे तुमच्या गाडीच्या कंपनीसाठी बनवलेले ॲप किंवा गॅरेजमधला मोठा स्कॅनर लागू शकतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर आकडा बाहेरच्या हवेएवढाच राहत असेल, तर तुम्ही चुकीचा सेन्सर बघताय असे समजा.

पाण्याचे तापमान सगळ्या गाड्या सांगत नाहीत. त्यासाठी दोन के-टाइप थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणाऱ्या वायरी) आणि एक साधे डिजिटल मीटर घ्या. एक टोक हीट एक्स्चेंजरमधून बाहेर पडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या धातूच्या नळीवर, दुसरे इंटरकूलरमधून परत येणाऱ्या नळीवर. ॲल्युमिनियम टेपने घट्ट चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा गुंडाळा, नाहीतर ते पाण्याऐवजी बॉनेटखालच्या हवेचे तापमान सांगतील. इन्फ्रारेड गन जलद तपासणीला ठीक आहे, पण चकचकीत धातूवर ती खोटे बोलते. नळीवर काळी इन्सुलेशन टेप लावून त्यावर नेम धरा. वायरी बेल्ट आणि पंख्यापासून लांब बांधा. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो, हे हात घालण्यापूर्वी आठवा.

आता तीन प्रकारचे प्रवास करा. पहिला सलग वेगाचा: एनएच ६६ वर झुवारीच्या नव्या पुलावरून मडगावच्या दिशेने, वेगमर्यादेत, एसी लावून. दुसरा रांगता: म्हापशाच्या बाजारातून किंवा पणजीच्या अठरा जून रस्त्यावरून, जिथे गाडी थांबते, सरकते, पुन्हा थांबते. तिसरा चढाचा: केरीहून चोर्ला घाट किंवा मोलेहून अनमोड घाट. प्रत्येक प्रवास एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. बाहेरच्या हवेचे तापमान, इंटरकूलरनंतरची हवा, पाण्याची दोन्ही तापमाने आणि जमल्यास टायमिंग, हे सगळे एका वहीत किंवा फाइलमध्ये नोंदवा. काही बदलण्यापूर्वीची ही नोंद नसेल तर पुढे कशाने काय झाले हे कधीच कळणार नाही.

एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. हलक्या ॲक्सिलरेटरवर सुपरचार्जरचा बायपास व्हॉल्व्ह (हवा परत वळवणारी झडप) उघडा असतो आणि बूस्ट जवळजवळ नसतो. त्यामुळे घाटात कायदेशीर वेगाने चालताना जे दिसते ते प्रामुख्याने इंजिनच्या उष्णतेने भाग तापण्याचे चित्र असते. पूर्ण बूस्टवरची चाचणी रस्त्यावर करू नका. चोर्ल्याच्या वळणांवर समोरून बस येते, गुरे येतात. पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावर) तास-दोन तास घ्या. मात्र डायनोचा पंखा धावत्या गाडीएवढा वारा देत नाही, म्हणून तिथले आकडे तिथल्याच आकड्यांशी ताडा, रस्त्याशी नाही.

दुसरी पायरी: आकडे काय सांगतात

इंटरकूलरकडे जाणारे पाणी बाहेरच्या हवेच्या जवळपास आहे, पण परतताना २०-२५ अंशांनी तापून येतेय? मग पाणी फारच सावकाश फिरतेय. पंप कमजोर, नळी मुडपलेली किंवा आत हवा अडकलेली. अशा वेळी मोठा हीट एक्स्चेंजर घेतलात तर पैसे पाण्यात.

जाणारे पाणीच गरम आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यातला फरक थोडा आहे? पाणी नीट फिरतेय, पण पुढे त्याची उष्णता निघत नाही. इथे हीट एक्स्चेंजर, त्याच्यावर येणारा वारा, जाम झालेले फिन (उष्णता सोडणारे पातळ पत्रे).

पाणी दोन्हीकडे थंड आणि तरी हवा गरम? ही जागा विचार करायची आहे. हवेतून पाण्यात उष्णता जातच नाहीये. इंटरकूलरच्या फिनवर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेल्या तेलाचा थर असू शकतो, दोन इंटरकूलर असलेल्या इंजिनात एकात हवेचा फुगा अडकलेला असू शकतो किंवा सील गेल्यामुळे गरम हवा इंटरकूलरला वळसा घालून जात असू शकते. कधीकधी सेन्सरच तापलेल्या मॅनिफोल्डमुळे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागामुळे) जास्त दाखवतो. गाडी दोन मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालवल्यावर आकडा झरझर उतरला, तर तो सेन्सरचा ताप होता.

आणि चालताना सगळे उत्तम, रांगेत सगळे बिघडलेले? तिथे वाऱ्याचा आणि बॉनेटखालच्या उष्णतेचा प्रश्न आहे.

सलग वेगात इंटरकूलरकडे जाणारे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा पाच ते आठ अंशांनी जास्त आणि इंजिनात जाणारी हवा दहा-पंधरा अंशांनी जास्त, एवढे असेल तर गोव्याच्या हिशेबाने यंत्रणा निरोगी समजायला हरकत नाही, असे माझे मत. बाहेरच्या हवेपेक्षा थंड पाणी हीट एक्स्चेंजरमधून कधीच मिळणार नाही. मेमध्ये ती मर्यादा ३५ च्या आसपास आहे. तिच्याशी भांडू नका, तिच्या जवळ कसे जायचे ते बघा.

तिसरी पायरी: सफाई आणि वाऱ्याची वाट

डिचोली-साखळी पट्ट्यातली लाल धूळ, किनाऱ्यावरची खारी फवार, पावसातला चिखल आणि उन्हाळ्यात उडणारा सावरीचा कापूस, हे सगळे पुढच्या जाळीतून आत जाते आणि फिनमध्ये बसते. वरून बघितले तर हीट एक्स्चेंजर स्वच्छ दिसतो. खरा कचरा हीट एक्स्चेंजर, एसीचा कंडेन्सर आणि मुख्य रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. बंपर उतरवून, हे थर एकमेकांपासून सैल करून, टॉर्च मागून मारून बघा. उजेड आरपार दिसत नसेल तर वाराही जात नाही.

धुताना साध्या नळीचे पाणी, मागून पुढच्या दिशेने. प्रेशर वॉशर जवळ धरला की फिन झोपतात आणि मग ते फिन कोंबने (बारीक दातांच्या कंगव्याने) एकेक उभे करत बसावे लागते. ॲल्युमिनियमला चालेल असा सौम्य क्लीनर वापरा. ॲसिड किंवा कॉस्टिक अजिबात नको, मग रेडिएटरवाला कितीही खात्री देवो. फिन बोटाने दाबल्यावर पांढरी पूड होऊन गळत असतील तर खाऱ्या हवेने ते संपवले आहेत. सफाईने काही होणार नाही, तो भाग बदला.

आता वाऱ्याची वाट. हवा आळशी असते, सोप्या वाटेने जाते. जाळीतून आत आलेल्या वाऱ्याला हीट एक्स्चेंजरच्या बाजूने, वरून किंवा खालून निसटायला जागा असेल तर तो फिनमधून कशाला जाईल? दहा-बारा वर्षांच्या गाडीत कंपनीचे फोमचे सील चुरा झालेले असतात, अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीत तर बाजूचे प्लास्टिक पत्रे परत बसवलेलेच नसतात. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे आधी बघा. बंद पेशींचा, पाणी न शोषणारा फोम आणि पातळ ॲल्युमिनियम पत्रा घेऊन जाळीपासून हीट एक्स्चेंजरच्या कडेपर्यंत बंद बोगदा तयार करा. स्पंजसारखा फोम पावसाळ्यात ओला राहतो आणि ॲल्युमिनियम कुजवतो. गाडीखालचे प्लास्टिक आच्छादनही परत लावा. स्पीड ब्रेकरला घासून तुटले म्हणून काढून टाकलेले ते आच्छादन रेडिएटरमागची हवा खाली ओढून घ्यायला मदत करत असते. मागचा दाब कमी झाला नाही तर पुढून वारा शिरत नाही.

बोगदा काम करतो का हे बघायचे असेल तर हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी लोकरीचे छोटे धागे चिकटवा, शेजारी छोटा कॅमेरा बांधा आणि मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा. धागे फिनकडे ओढले गेले पाहिजेत. आडवे फडफडत असतील तर तिथे फट आहे. मोठी नंबर प्लेट फ्रेम, जास्तीचे दिवे, जाळीमागे लावलेली बारीक मच्छरजाळी, हे सगळे काढून पुन्हा तीच फेरी मारा. सुटा भाग एकही न घेता किती फरक पडतो ते बघून पुढची पायरी घ्या.

चौथी पायरी: पाणी, पंप आणि अडकलेली हवा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, कारण जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक दुखणी इथेच निघतात.

आधी गळती तपासा. कूलंट कमी होतेय पण खाली थेंब नाही, सुरू करताना एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय, असे असेल तर तिथेच थांबा. इंटरकूलर आतून फुटला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा गाडीत जोरदार पंप बसवणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे. मेकॅनिककडून इंटरकूलरचा सर्किट वेगळा करून प्रेशर टेस्ट करून घ्या आणि मगच पुढे जा.

मग पंप. हे विजेवर चालणारे छोटे पंप वयाप्रमाणे कमजोर होतात. जुन्या ई ५५ एएमजीमध्ये तर पंप बंद पडणे हे ओळखीचे दुखणे आहे. पंप पूर्ण मेला तरी गाडी चालतच राहते, दिवा लागेलच असेही नाही, फक्त गाडी मंद होते. काही गाड्यांत पंप गरजेपुरताच फिरतो, म्हणून तो बंद दिसला तर लगेच मेला समजू नका. स्कॅनरमधून त्याला फिरवण्याची आज्ञा द्या. पंप चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचा आणि पंपाच्या पिनवरचा व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.९ आणि पंपावर १२.४ असेल तर दीड व्होल्ट वाटेतल्या गंजलेल्या जोडात जातोय. खाऱ्या हवेत हे फार होते. नवा पंप घेण्यापूर्वी अर्थिंगचा बोल्ट काढून घासा, कनेक्टर साफ करा, पुन्हा मोजा.

प्रवाह मोजायला दोन बादल्या लागतात. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीकडे परत येणारी नळी सोडवून रिकाम्या बादलीत घाला, पंपाला दुसऱ्या बादलीतून डिस्टिल्ड वॉटर द्या, पंप चालू करा आणि ५ लिटर भरायला किती वेळ लागतो ते बघा. २० सेकंद म्हणजे मिनिटाला १५ लिटर. पाणी संपूर्ण सर्किटमधून फिरून येत असल्यामुळे हाच खरा आकडा. खोक्यावर छापलेला आकडा बऱ्याचदा नळी मोकळी असतानाचा असतो.

किती प्रवाह पुरे? ४०० अश्वशक्तीच्या गाडीत पूर्ण बूस्टवर इंटरकूलरला साधारण १५ किलोवॉट उष्णता काढावी लागते. अर्धे कूलंट, अर्धे पाणी असे मिश्रण मिनिटाला १० लिटर फिरत असेल तर ते एका फेरीत २५ अंशांनी तापते. २० लिटरला तेच १३ अंशांवर येते, ४० लिटरला साडेसहावर. म्हणजे दहावरून विसावर जाण्यात मोठा लाभ, विसावरून चाळिसावर जाण्यात निम्माच, आणि त्यासाठी पंप, वायर, फ्यूज सगळे मोठे घ्यावे लागते. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीला २० च्या आसपासचा खरा प्रवाह मिळाला की तिथे थांबावे. मोठा पंप बसवलाच तर त्याला स्वतंत्र रिले, बॅटरीजवळ फ्यूज आणि पुरेशी जाड वायर द्या. नव्या गाड्यांत ईसीयू पंपाचा वेग स्वतः ठरवतो आणि त्यावर नजर ठेवतो. तिथे बाजारातला साधा पंप लावला की बिघाडाचा कोड येतो, म्हणून त्याच जातीचा पंप शोधा.

कूलंटचे प्रमाण हा गोव्यातल्या माणसाला मिळालेला फुकटचा फायदा आहे. अर्धे-अर्धे मिश्रण बर्फ पडणाऱ्या देशांसाठी आहे. शुद्ध पाणी किलोमागे अंशाला ४.१८ किलोजूल उष्णता उचलते, अर्धे-अर्धे मिश्रण जेमतेम ३.४. कूलंट एक-तृतीयांश आणि डिस्टिल्ड वॉटर दोन-तृतीयांश केले तर ३.७५ च्या आसपास मिळते आणि मिश्रण पातळ झाल्याने प्रवाहही थोडा सुधारतो. याहून खाली जाऊ नका, कारण गंजरोधक रसायने कूलंटमध्येच असतात. इंटरकूलरचे पाणी इंजिनच्या मुख्य टाकीशी जोडलेले असेल, जसे काही गाड्यांत असते, तर मात्र कंपनी सांगते तेच प्रमाण पाळा. आणि विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी थेंबभरही नको. किनाऱ्याजवळच्या विहिरींतले क्षार ॲल्युमिनियमला आतून खातात. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकमेकांत मिसळणेही तितकेच वाईट.

शेवटी अडकलेली हवा. इंटरकूलर इंजिनच्या अगदी वर बसतो, हवा वर चढते, म्हणून फुगा नेमका जिथे नको तिथेच थांबतो. बॉनेटखालून गुळगुळ आवाज येणे ही खूण. गाडीचे नाक उंच करा, भरणाचे झाकण सर्किटमधले सर्वांत उंच ठिकाण होईल असे बघा, अडकलेली हवा सोडायचे ब्लीड स्क्रू असतील ते उघडा, पंप थांबून थांबून चालवा. त्यापेक्षा चांगला उपाय व्हॅक्यूम फिलर: रिकामा सर्किट उणे ०.८ बारपर्यंत ओढायचा, काही मिनिटे काटा हलत नाही ना ते बघायचे आणि मग त्याच निर्वाताने कूलंट आत खेचून घ्यायचे. गळतीची तपासणी आणि भरणा एकाच वेळी होतो. हे साधन असलेला मेकॅनिक शोधायला थोडे लांब जावे लागले तरी जा.

पाचवी पायरी: आता मोठा हीट एक्स्चेंजर

इथवर येऊनही पाणी बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंश गरम राहत असेल, तर मोठा हीट एक्स्चेंजर घ्यायला खरे कारण मिळाले. जाडीपेक्षा क्षेत्रफळ बघा. दुप्पट जाड कोअरच्या (नळ्या आणि फिनच्या गाभ्याच्या) मागच्या अर्ध्या भागाला आधीच तापलेली हवा मिळते, शिवाय तो रेडिएटरचा वारा अडवतो. रुंद, उंच आणि पातळ कोअर, नळी-फिन पद्धतीचा, हा रस्त्यावरच्या गाडीला उत्तम. बार-प्लेट पद्धतीचा कोअर मजबूत असतो, दगड सोसतो, पण वजनदार असतो आणि वारा कमी सोडतो. बसवल्यानंतर इंजिनचे तापमान आणि एसीची थंडी दोन्ही तपासा. इंटरकूलर थंड झाला आणि इंजिन तापू लागले तर काय मिळवले?

जागा करण्यासाठी बंपरमागचा क्रॅश बीम कापू नका. तो तुमच्या पायांचे रक्षण करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदीशी विसंगत होईल असा बदलही चालत नाही.

शहरात रांगणाऱ्या गाडीला हीट एक्स्चेंजरमागे पातळ ओढणारा पंखा जास्त उपयोगी. तो ठराविक तापमानाला सुरू होईल असा थर्मोस्विच लावा. वेगात हा पंखा वाऱ्याला थोडा अडथळा करतो, म्हणून फक्त हायवेवर फिरणाऱ्याने तो लावू नये.

जास्तीच्या टाकीबद्दल बराच गैरसमज आहे. सर्किटमध्ये ५ लिटर असेल तर पूर्ण बूस्टवर, उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरून, पाणी सेकंदाला जवळपास ०.८५ अंश तापते, २० सेकंदांत १७ अंश. आणखी ५ लिटर वाढवले तर ही वाढ निम्मी. म्हणजे टाकी वेळ विकत घेते, थंडावा देत नाही. ड्रॅग रेससारख्या एका झटक्याच्या कामाला ती छान, पण घाटात एकदा ते सगळे पाणी तापले की थंड व्हायलाही दुप्पट वेळ लागतो. चोर्ल्याने बेळगावला जाणाऱ्याने तो खर्च हीट एक्स्चेंजरवर करावा.

बॉनेटखालची उष्णता अडवायला इंटरकूलरच्या नळ्यांवर परावर्तक स्लीव्ह चढवा, विशेषतः एक्झॉस्टजवळून जाणाऱ्यांवर. काही इंजिनांना सुपरचार्जर आणि हेडच्या मधे बसणारे उष्णतारोधक स्पेसर मिळतात, पण बॉनेटला उंची पुरते का ते आधी मोजा. गाडी बंद केल्यावर पंप आणि पंखा तीन-चार मिनिटे चालू ठेवणारा टायमर रिले स्वस्त आहे आणि पेट्रोल पंपावर थांबून पुन्हा निघताना त्याचा उपयोग जाणवतो.

एसी चिलर आणि पाण्याची फवारणी

एसीच्या गॅसने इंटरकूलरचे पाणी थंड करणारा चिलर बाहेरच्या हवेपेक्षा खाली नेऊ शकतो, म्हणून इथे तो मोहात पाडतो. पण त्याने काढलेली उष्णता पुन्हा त्याच नाकावरच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकायची असते, कॉम्प्रेसर इंजिनची ताकद खातो आणि मेमध्ये केबिन थंड करतानाच एसीची दमछाक होत असते. शिवाय दमटपणा. बाहेरचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते) २५ अंश असेल तर १.७ पट दाबलेल्या हवेचा दवबिंदू ३४ च्या आसपास जातो. म्हणजे पाणी त्याहून थंड केले की इंटरकूलरच्या आतच बाष्प जमू लागते, आणि २५ च्याही खाली नेले तर नळ्यांवरून बाहेरही पाणी ठिबकते आणि खालचे कनेक्टर भिजतात. रोजच्या गाडीला मी हा उपाय सुचवणार नाही. कोणी करणारच असेल तर गॅस काढणे-भरणे एसीच्या तंत्रज्ञाकडूनच, हवेत सोडून नव्हे.

पाणी-मिथेनॉल फवारणी प्रभावी आहे, पण मिथेनॉल विषारी आहे, सहज पेट घेते आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. घरात, मुलांच्या हाताशी ते ठेवू नये. इंजिनचा ट्यून (ईसीयूतली जुळणी) या फवारणीवर बेतलेला असेल आणि टाकी रिकामी झाली, तर नॉकने पिस्टन जातो. बाकी सगळे करून झाल्याशिवाय इकडे वळू नका. आणि सुपरचार्जरला छोटी पुली (बेल्टचे चाक) लावून बूस्ट वाढवायचा विचार असेल तर तो कूलिंगचे आकडे जागेवर आल्यानंतरच. सुपरचार्जर जितका वेगात फिरतो तितकी त्याची हवा गरम, आणि आधीच तापणाऱ्या गाडीत ती जादा ताकद टायमिंगमध्येच विरघळून जाते.

खारी हवा, पावसाळा आणि देखभाल

कळंगुट, कोलवा, मिरामारच्या बाजूला गाडी नियमित उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा पुढच्या जाळीतून गोड्या पाण्याची हलकी धार मारा. नळ्यांना स्टेनलेस क्लॅम्प वापरा. ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर साध्या लोखंडी ब्रॅकेटला थेट बोल्ट करू नका, मधे रबर बुश द्या, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्कातून ॲल्युमिनियम झिजते. पंपाच्या कनेक्टरमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि वायरीचे जोड आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकने बंद करा.

पावसाळ्यापूर्वी, मेच्या शेवटी, क्लॅम्प आणि कनेक्टर बघा. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, बंपर उतरवून थरांमधला चिखल काढा, कूलंटची पातळी बघा आणि बादलीची चाचणी पुन्हा करा. पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गाडी गेली असेल तर ऑक्टोबरची वाट बघू नका. पंप बहुतेक गाड्यांत खालीच बसवलेला असतो.

प्रत्येक बदलानंतर तेच तीन प्रवास, त्याच वेळी, शक्यतो तेवढ्याच बाहेरच्या तापमानाला करा. तापमान वेगळे असेल तर थेट आकडे न ताडता बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, तो फरक ताडा. एका वेळी एकच बदल करा. पंप आणि हीट एक्स्चेंजर एकाच दिवशी बदलले तर कशाने काम केले हे कळणार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात आकडे पुन्हा चढले की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागेल.